रविवारी न दुखणारं पोट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट समजला की नाही तेही तुम्हाला कळेल.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. वडील वारले, आई आजारी. मधली दीड वर्षं ती बालगृहात होती. आठ महिन्यांपूर्वी बालकल्याण समितीनं तिला फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न देता सांभाळायला, तुमच्याकडं दिलं. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. भाऊबीजेला तुम्ही तिला आईकडं भेटवून आणलंत, शाळा उघडली आणि तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं, एखाद्या दिवशी ओकारीही होते. रविवारी मात्र पोरगी ठणठणीत. वहीत लिहिलेलं इतकं खोडते की कागदाला भोक पडतं. ‘मी ढच आहे’ म्हणते. गुरुजी म्हणतात लाड कमी करा, मुख्याध्यापक म्हणतात तिसरीत बसवू, तुमचे यजमान म्हणतात राहू द्या चार दिवस घरी, आणि सासूबाई म्हणतात नजर लागली. तुम्ही विचारता, ओढून न्यायची की घरी ठेवायची? आणि आत्मविश्वास वाढवायला शिकवणी लावू का?

माझं उत्तर असं: शाळा सुटू देऊ नका. पण ओढून नेण्याआधी तिला नेमकी कशाची धास्ती आहे ते शोधा. माझा अंदाज आहे की त्यातली निम्मी धास्ती शाळेची नाही, तुमच्या घराची आहे. रागावू नका, पुढं वाचा.

मी गेली बावीस वर्षं यवतमाळ, वर्धा आणि अमरावतीच्या खेड्यांमध्ये अशा मुलांसोबत काम करते. आधी एका संस्थेची केस वर्कर होते, आता समुपदेशक आहे. आपल्याकडं आईबापावेगळी वाढणारी बहुतेक मुलं आजीकडं, मामाकडं, मोठ्या आईकडं असतात. बाप गेला, माय दुसरीकडं गेली किंवा कामासाठी बाहेर आहे, आणि सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2250 रुपये येतात, असं चित्र. नात्यात नसलेल्या घरानं मूल सांभाळायला घेणं अजून फार थोड्या गावांत दिसतं. तुमच्या गावात तर पहिल्यांदाच घडलं असणार. त्यामुळं गावाकडं या नात्यासाठी शब्द नाही, आणि ज्याला शब्द नाही त्याबद्दल लोक प्रश्न विचारतात. मोठ्यांना विचारायची भीड वाटते, म्हणून पोरीला विचारतात. याकडं मी परत येते.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. आईचा आजार बरा होणारा आहे का, समितीच्या आदेशात काय लिहिलंय, वर्गात खरंच कोणी त्रास देतंय का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. शेवटच्या मुद्द्याचा निकाल सगळ्यांत आधी लावा. कोणी मारत असेल, चिडवत असेल, अंगाला हात लावत असेल, तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. शिक्षकानं मारणं किंवा मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंद केलंय. लैंगिक त्रासाचा नुसता संशय असला तरी पोक्सो कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावता येतो. हे विचारताना तिला समोर बसवून चौकशी करू नका. शेंगा सोलताना, भाजी निवडताना, दोघींचे हात कामात आणि डोळे खाली असताना विचारा. त्या बसण्यात पोरी बोलतात.

दुसरं, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. जंत, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अशक्तपणा यांनीही पोट दुखतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघतात. डोळेही तपासून घ्या. फळ्यावरचं नीट न दिसणारी आणि म्हणून ‘ढ’ ठरलेली तीन मुलं मला आजवर भेटलीत. तिघांची मिळून सहा वर्षं वाया गेली होती, आणि औषध निघालं चष्मा.

सगळं ठीक निघालं तर? तरी पोट खरंच दुखतं, ही पहिली गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मान्य करायची. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. भीती वाटली की त्याची चाल बिघडते, कळ येते, मळमळतं. परीक्षेच्या दिवशी तुमचंही झालं असेल. ‘नाटक करते’ हा शब्द घरातून हद्दपार करा. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शाळेची वेळ टळून ‘बरं, राहा घरी’ म्हटलं की पंधरा मिनिटांत पोट थांबतं. ती खोटं बोलत नव्हती. सुटका झाली म्हणून थांबलं. पण शरीर त्यातून धडा घेतं: पोट दुखलं की वाचतो. दुसऱ्या दिवशी कळ आणखी लवकर येते, आणखी जोरात. म्हणून यजमानांचा ‘चार दिवस’ मला घातक वाटतो. चाराचे चौदा होतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी राहिलेल्या पोरीला नंतर शाळेत कोण पाठवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या घराबद्दल जे म्हटलं त्याकडं येते.

बऱ्याच वर्षांपूर्वी वर्धा नदीकाठच्या एका गावात मला सात-आठ वर्षांच्या एका मुलासाठी बोलावलं होतं. नात्यातल्याच एका घरी तो नव्यानं राहायला आला होता. घर चांगलं, माणसं मायाळू. पोरगा खिचडीची सुट्टी झाली की शाळेतून पळून यायचा, दारातून आत डोकावायचा आणि उभ्या उभ्या परत जायचा. पुढं पुढं परत जाणंही बंद झालं. गुरुजींना वाटलं अभ्यासाचा कंटाळा. मलाही तेच वाटलं, आणि महिनाभर मी त्याला गणिताचे खेळ शिकवत बसले. एक दिवस मी सहज विचारलं, तू दारातून काय बघतोस रे? म्हणाला, ‘चूल.’ मग हळूहळू निघालं. आजीकडं असताना तो शाळेत गेला होता, त्याच दिवशी आजीला दवाखान्यात हलवलं. हा परत आला तर दाराला कुलूप, आणि संध्याकाळी त्याला न्यायला गाडी. ‘मी शायेत होतो, तवाच गाडी आली.’ त्याच्या हिशेबात शाळा म्हणजे आपण गेलो की घर नाहीसं होतं ती जागा. चुलीत विस्तव दिसला की घर अजून आहे, एवढी खात्री करून तो जात होता. मी मात्र त्याला वजाबाकी शिकवत होते.

तुमची मुलगी तीन घरं बदलून आली आहे. आईचं, बालगृहाचं, तुमचं. बालगृह कसंही असो, दीड वर्ष राहिलं की तेही घर होतं. प्रत्येक वेळी तिला कोणी विचारलं नव्हतं, बहुधा आधी सांगितलंही नव्हतं. आईपासून नेलं तो दिवस कसा गेला, ती तेव्हा शाळेतून आली होती का, हे तिच्या केस वर्करना विचारा. आणि दिवाळीचं बघा. भाऊबीजेला आईला भेटली, म्हणजे आई आहे आणि तरी मी तिथं नाही, हे तिनं पुन्हा एकदा पाहिलं. इकडं चांगला अभ्यास केला, इथं रुळलो, तर आईला सोडल्यासारखं होईल, हीसुद्धा एक भीती असते. नऊ वर्षांच्या मुलीला ती शब्दांत सांगता येत नाही. भेटीनंतर आठ-पंधरा दिवस मूल बिघडतं, आणि मग घरचे म्हणतात, भेटवूच नका. तसं करू नका. भेटवा, पण भेटीनंतरचा आठवडा हलका ठेवा, आणि तिची वही, चित्र, प्रगतिपत्रक आईला दाखवायला सोबत न्या. आईनं एकदा ‘छान शिकतेस वं’ म्हटलं, तर तुमचं-माझं शंभर वेळा म्हटलेलं त्यापुढं काही नाही.

मग तिला काय सांगायचं? ‘आता तू कायमची आमची’ असं सांगू नका, कितीही मनापासून वाटलं तरी. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. समिती आढावा घेते, आई बरी झाली तर निर्णय बदलू शकतो. पाळता न येणारा शब्द दिला आणि मोडला, तर पुढचं कोणाचंच तिला खरं वाटणार नाही. जे नक्की आहे तेवढंच सांगा, पण रोज सांगा: ‘आज मी वावरात जाईन, चार वाजता परत. तू येशील तेव्हा घरी असेन. कुठं जायचं ठरलं, तर तुला आधी सांगू. तुला न सांगता कोणी नेणार नाही, आम्ही तसं केस वर्कर मॅडमला सांगून ठेवलंय.’ आणि खरंच सांगून ठेवा. फॉस्टर कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी असं किशोर न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये आहे, तेव्हा कोणी ना कोणी येत राहणारच. ती भेट घरी व्हावी, शाळेत नको, आणि कधी येणार ते मुलीला आदल्या दिवशी कळावं, एवढी विनंती करा. शाळेच्या फाटकाशी सरकारी जीप उभी राहिली की अख्खा वर्ग खिडकीत येतो, आणि आपली पोरगी बाकाखाली.

एक लहानसा उपाय माझ्या अनुभवात फार चाललाय. घराच्या कुलपाची एक किल्ली तिला द्या. दोऱ्यात ओवून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवू द्या. नऊ वर्षांची पोर किल्ली हरवेल, असं सासूबाई म्हणतील. हरवली तर चाळीस-पन्नास रुपयांत दुसरी होते. किल्ली ज्याच्याजवळ असते तो त्या घरात परत येणार असतो, हे पोरांना न सांगता कळतं.

आणि एक वाक्य घरात कोणीही, चेष्टेतही, बोलायचं नाही: ‘ऐकत नसशील तर परत पाठवून देऊ.’ आपल्या पोटच्या पोराला आपण ‘बावाजीला देऊन टाकीन’ म्हणतो, पोरगं हसतं. हिला हसू येणार नाही, कारण हिच्या बाबतीत ते घडलंय. शेजारच्या काकू बोलल्या तर त्यांना तिच्यासमोर थांबवा, मागाहून नको. तुम्ही थांबवलंत हे तिला दिसायला पाहिजे.

आता शाळेतली निम्मी धास्ती.

आपल्या खेड्यांत नव्या पोरीला पहिला प्रश्न काय विचारतात? ‘तू कोनाची वं?’ नाव नंतर. दुकानात, विहिरीवर, वर्गात, सगळीकडं हाच. इतर मुलं एका दमात सांगतात: अमक्याची. तुमच्या मुलीजवळ याचं छोटं उत्तर नाही. खरं सांगायचं तर अर्धा तास लागेल, खोटं सांगितलं तर आठवड्यात उघडं पडेल. म्हणून ती गप्प बसते, आणि गप्प बसणारीला वर्ग लवकरच काहीतरी नाव ठेवतो. तेव्हा तिच्यासोबत बसून एक उत्तर तयार करा. तिच्या बोलीत, तीन तुकड्यांचं, खरं, पण अपुरं. माझ्याकडच्या एका मुलीनं स्वतः तयार केलेलं सांगते: ‘माय बिमार हाय. मी इथं राह्यतो. बाकीचं नाई सांगत.’ तिसरा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. न सांगण्याचा तिला हक्क आहे, हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. घरी दहा-बारा वेळा खेळून घ्या, तुम्ही खोचक काकू व्हा, तिला उत्तर देऊ द्या. हसत हसत झालं की वर्गात जिभेवर येतं. तुम्हाला ती काय म्हणते, मावशी, काकू की आई, हे तिच्यावर सोडा. दिवसातून दोनदा बदललं तरी चालेल.

गुरुजींशी बोला, पण तिचा इतिहास सांगू नका. मदत मिळावी म्हणून लोक सगळं सांगून मोकळे होतात, मग ते शिक्षकांच्या खोलीतून पोषण आहार शिजवणाऱ्या ताईपर्यंत आणि तिथून गावभर जातं. अशा मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून किशोर न्याय कायद्यात वेगळं कलम आहे, 74 वं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा फोटो आणि खाली ‘आमच्या शाळेतील निराधार विद्यार्थिनी’ असं चालणार नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठणकावून सांगा.

गुरुजींकडं मागायच्या गोष्टी तीनच ठेवा, कारण साठ-सत्तर पोरं आणि दोन वर्ग सांभाळणारा माणूस दहा गोष्टी करू शकत नाही. हजेरी घेताना सगळ्यांचीच फक्त पहिली नावं किंवा क्रमांक घ्यावेत. फॉस्टर केअरमध्ये कागदोपत्री नाव बदलत नाही, त्यामुळं तिचं आडनाव तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि रोज सकाळी ते वर्गात मोठ्यानं वाचलं जातं. दुसरं, तिला अचानक उभं करून वाचायला लावू नये. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा ते आज सांगावं. तिसरं, जीव घाबरला तर न विचारता पाणी प्यायला जाण्याची मुभा असावी. ही मुभा मिळाली की मुलं ती क्वचितच वापरतात; दार उघडं आहे एवढं कळलं की बसता येतं. परिसर अभ्यासात कुटुंबाचा धडा किंवा ‘माझे बाबा’ असा निबंध येणार असेल तर चार दिवस आधी कळवावं, हे सवडीनं सांगा. ‘घरातली आवडती व्यक्ती’ असा विषय केला की कोणाचंच अडत नाही.

इथं माझी एक चूक सांगते. एका वर्षी 15 ऑगस्टला मी एका शाळेत ‘गरजू’ मुलांना दप्तरं वाटण्याचा कार्यक्रम ठरवला. देणगीदार आणले, झेंडावंदनानंतर एकेकाचं नाव पुकारलं, गावासमोर दप्तर दिलं, टाळ्या झाल्या. त्या सात मुलांपैकी एक मुलगी 16 तारखेपासून शाळेत आली नाही. दप्तर तिनं गोठ्यात लपवून ठेवलं होतं. तिच्या आजीनं मला सुनावलं, ‘बाई, तुमी पोरीले भिकारी केलं.’ तेव्हापासून मी वस्तू घरी देते, संध्याकाळी, पिशवीत घालून. तुमच्या शाळेत असं काही ठरत असेल तर तिचं नाव त्या यादीतून काढायला सांगा.

आता ‘मी ढच आहे’ आणि शिकवणी.

लोक म्हणतात, आत्मविश्वास वाढवायला कौतुक करा. करून बघितलं असेलच तुम्ही. ‘किती हुशार आहेस!’ म्हटलं की ती मान फिरवते, हो ना? जिला मनातून खात्री आहे की आपल्याला येत नाही, तिला मोठं कौतुक म्हणजे मोठं ओझं. 2014 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मुलांच्या चित्रांवर हे तपासलं. ‘सुंदर’ म्हणण्याऐवजी ‘अप्रतिम सुंदर’ म्हटल्यावर, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणारी मुलं पुढची अवघड चित्रं घ्यायला कचरली. कारण आता ‘अप्रतिम’ टिकवायचं होतं. म्हणून विशेषणं टाका आणि पाहिलेलं सांगा. ‘काल साताच्या पाढ्यात छप्पन्नला अडकलीस, आज नाही अडकलीस.’ हे तिला खोडता येत नाही, कारण ते घडलंय.

विल्यम जेम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1890 साली आत्मसन्मान अपूर्णांकासारखा मांडला होता: वर मिळालेलं यश, खाली स्वतःकडून धरलेली अपेक्षा. आपण सगळे वरचा आकडा वाढवायला धावतो. हिच्या बाबतीत आधी खालचा आकडा बघा. चौथीचं गणित तिच्यासमोर आहे, पण मधे दोन शाळा बदलल्या, कित्येक आठवडे बुडाले. ती ढ नाही. तिच्या भिंतीतल्या मधल्या विटाच बसलेल्या नाहीत. कुठल्या, ते शोधायला दहा मिनिटं लागतात. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांतलं मुलाला कुठपर्यंत वाचता येतं ते बघतात. घरी तसंच बघा, जुनी पुस्तकं मागून आणा, आणि जिथं अडतं तिथून शिकवायला घ्या. ती दुसरीच्या गोष्टीला अडत असेल तर रोज वीस मिनिटं दुसरीचीच गोष्ट, तुमच्यासोबत, दार लावून. लहानांचं पुस्तक वाचतेय हे कोणाला दिसता कामा नये.

त्यामुळं शिकवणी आत्ता नको. शिकवणीत पुन्हा चौथीचंच दामटतात, पुन्हा नवा माणूस, पुन्हा ‘तू कोनाची’. आणि मुख्याध्यापकांच्या तिसरीत बसवण्याला शांतपणे नकार द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 चा रोखच असा आहे की मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावं आणि मागे पडलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढावं. खालच्या वर्गात बसवलं तर ती मनात जे म्हणते त्यावर शाळेनंच शिक्का मारल्यासारखं होईल.

वहीला भोक पडण्यावर मात्र स्वस्त उपाय आहे: पाटी. घरचा सगळा सराव पाटीवर. पाटीवरची चूक ओल्या फडक्यानं जाते आणि मागं डाग राहत नाही. अशा पोरींना चुकीची भीती नसते, चुकीच्या खुणेची असते. कोणीतरी ती बघेल आणि मग इथूनही जावं लागेल, इथपर्यंत त्यांचं गणित जातं. महिनाभरानं पेन द्या आणि चुकलेलं एका रेघेनं कापायला शिकवा. तुम्हीही किराण्याची यादी करताना तिच्यादेखत चुका, कापा, पुढं लिहा.

तिला घरात एखादं काम तिचं म्हणून द्या. शेळीचं पिल्लू, परसातली वांग्याची चार झाडं, संध्याकाळचा दिवा, काहीही. ते झालं नाही तर कोणाचं तरी अडावं, इतकं खरं असावं. आपल्यावाचून या घरात काही अडतं, हे जिला माहीत आहे तिला ‘हुशार’ म्हणवून घ्यायची फार गरज उरत नाही. पण इथं एक काटा आहे. गावात ‘कामाले आनली पोरगी’ हे वाक्य फिरत असतंच, आणि ते तिच्या कानावर जातं. म्हणून काम असं द्या जे तुमच्या स्वतःच्या मुलांनाही दिलं असतं, आणि शाळेच्या वेळेत काहीही नाही. वेचणीला मजूर मिळेना झाले तरी नाही.

एवढं मांडल्यावर उद्याच्या सकाळचं सांगते. दप्तर, कपडे, डबा रात्रीच तयार. सकाळी ‘पोट दुखतंय का?’ असं आपणहून विचारायचं नाही. ती म्हणाली दुखतं, तर हात ठेवायचा, कोमट पाणी द्यायचं, म्हणायचं, ‘दुखतंय, कळतं मला. चल, आपण निघू, वाटेत कमी होईल.’ वाद नाही, समजूत नाही, आमिष नाही. पहिले आठ दिवस एकाच माणसानं सोडायला जावं, शक्यतो यजमानांनी, कारण तुमच्यापासून सुटणं तिला जास्त जड जात असणार. फाटकावर गुरुजींनी किंवा एखाद्या मैत्रिणीनं घ्यावं, आणि सोडणाऱ्यानं रेंगाळू नये. पूर्ण दिवस अगदीच झेपत नसेल तर खिचडीच्या सुट्टीपर्यंत बसवा, पण ते गुरुजींशी आधी ठरलेलं असावं. रडून मिळालेली अर्धी सुट्टी आणि ठरवून घेतलेली अर्धी सुट्टी यांत फार अंतर आहे. दर तीन-चार दिवसांनी एक तास वाढवत न्या. खरंच ताप आला आणि घरी राहिली, तर टीव्ही नाही, मोबाइल नाही, अंथरूण आणि पेज. आणि शाळा सुटताना तुम्ही म्हणाला होता तिथं, म्हणाला होता त्या वेळी, असा. या सगळ्यात चुकवू नये अशी एकच गोष्ट असेल तर हीच.

पहिला आठवडा आणखी वाईट जाईल. दुसऱ्यात थोडं हलेल. एखाद्या लांब सुट्टीनंतर किंवा समितीच्या तारखेनंतर पुन्हा मागं जाईल, तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका. मात्र तीन-चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, ती शाळेत अजिबातच जाईना, रात्री दचकून उठू लागली, अंथरुणात लघवी सुरू झाली, जेवण सुटलं, किंवा ‘मी मेली तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलली, तर वाट बघू नका. शेवटचं वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुम्ही विचारलंय की तिथं नेलं तर गाव वेडी म्हणेल का. जिल्ह्याच्या ठिकाणी कामं बरीच असतात, गावाला त्यातलं कोणतंही सांगा.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये, पण जूनमध्ये समोर येईल. तुमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागेल. म्हणजे पुन्हा नवी शाळा, नवा वर्ग, नवा ‘कोनाची वं’. आपल्याकडं विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तो उन्हाळा वाया घालवू नका. मार्च-एप्रिलमध्येच एकदा त्या शाळेत नेऊन वर्ग, पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह दाखवून आणा. पाचवीपासून खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. एकदा दोघी मिळून त्या बसनं जाऊन या. तिच्या वर्गातली कोणती मुलगी त्याच शाळेत जाणार ते आत्तापासून बघा आणि तिला कधी कधी घरी जेवायला बोलवा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. अशा मुलांचे कागद नेहमीच कुठंतरी अडकलेले असतात.

आणि सासूबाईंचं. त्यांना नजर काढू द्या. मीठ-मोहरी-मिरची ओवाळून चुलीत टाकली, मिरचीचा ठसका आला नाही म्हणून ‘पाहा, किती लागली होती’ म्हणाल्या, तर म्हणू द्या. फक्त सकाळी शाळेच्या वेळेला नको, नाहीतर पोट दुखण्याचा तो एक सोहळाच होऊन बसेल. संध्याकाळी दिवा लावल्यावर काढा. आणि घरात दुसरी नातवंडं असतील तर त्यांच्यासोबत, एकाच ओळीत उभी करून.